दाणेवाल्या मुंग्या

मुंगी ओळखायची असेल तर तिच्या कमरेकडे बघावं. रंगाकडे नाही, लांबीकडे नाही, आणि ती कुठे निघालीय याकडे तर अजिबात नाही. आमच्या अबू हमूरच्या कंपाउंडमधल्या बायका मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायच्या आणि विचारायच्या, ‘ही काळी आहे, चालेल का?’ अहो, कतारमधल्या निम्म्या मुंग्या काळ्याच. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते, तिथे भिंग लावून दोन गाठी दिसल्या, डोकं मोठं असलं, हनुवटीखाली दाढीसारखे केस असले आणि ओळीत लहानमोठ्या सगळ्या मापाच्या जणी असल्या, तर ती दाणेवाली. बी गोळा करून बिळात साठवणारी. चिमटा काढेल, बाकी काही नाही. एकच गाठ, अंग सडपातळ, आणि सगळ्या जणी एकाच मापाच्या, तर मुलाला उचला आणि आत जा. ती सॅमसम. तिला नांगी असते.

हे मी हौसेनं शिकलेलं नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना बागेतल्या ओल्या हिरवळीवर बसून सँडविच खात होती. घोट्याला काहीतरी डसलं म्हणाली. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हॉस्पिटल जवळ होतं म्हणून ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी याहून लवकर आणि याहून जास्त होऊ शकतं, ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचं पेन कायम जवळ ठेवा. तेव्हापासून एक पेन शाळेत, एक माझ्या पर्समध्ये आणि एक फ्रिजवरच्या टोपलीत. आणि मुलीला एक नियम: जमिनीवर बसायच्या आधी मम्माला विचारायचं. मम्मा बघेल, मम्मा हो म्हणाली तरच बसायचं.

ती कधी विसरली नाही. शाळेच्या सहलीत सगळी पोरं वाळूत लोळत असताना ही बाकावर बसून राहायची, शिक्षिका सांगायच्या. ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही.

मी नाशिकच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे. नवऱ्याला इथे उत्तरेकडच्या गॅस प्लँटवर नोकरी लागली तेव्हा कॉलेज सुटलं, आणि पहिली दोन वर्षं मी घरात बसून सगळ्यांवर खेकसत काढली. मग फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं वारं सुरू झालं. जिकडे बघावं तिकडे रस्ते खोदलेले, सकाळी असलेला रस्ता संध्याकाळी नसायचा. कुठलाही रस्ता किंवा पाइपलाइन टाकण्याआधी तिथे काय उगवतं, काय राहतं याची यादी करावी लागायची, आणि ती करणाऱ्या एका छोट्या कंपनीला माणसं कमी पडत होती. माझं काम किडे. साहेब जॉर्डनचे, भला माणूस, पण घाईचा.

देशाच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल गावाबाहेर एका खडकाळ पट्ट्यावर आमचं काम चाललं होतं. साहेबांनी यादीत एकच ओळ लिहिली होती, दाणेवाली मुंगी. मी म्हटलं, सर, दोन आहेत. एक काळी कुळकुळीत, डोकं चकचकीत, बिळाभोवती टरफलांचं हे एवढं कडं करते. दुसरी तपकिरी, तांबूस झाक असलेली, डोक्यावर बारीक उभ्या रेघा, कडं जेमतेम. साहेब म्हणाले, “दाणे नेते ना? मग खलास, दाणेवाली.” मी म्हटलं, दाणे नेतात म्हणून दोघी एक होत नाहीत. तीन दिवस उन्हात पालथी पडून, भिंगातून बघून मी दोघींची बिळं वेगवेगळी मोजून दाखवली. साहेबांनी यादीत दोन ओळी केल्या आणि मला चहा पाजला. खोटं कशाला बोलू, माझी मान त्या आठवड्यात जरा ताठच होती.

त्याच हिवाळ्यात सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. पहिल्याच सकाळी रव्यात साखर कालवून वाटी घेऊन दाराशी उभ्या. “मुंग्या कुठं असतात गं तुमच्याकडं?”

मी म्हटलं, “आई, इथे नको.”

“इथं मुंग्यांना भूक लागत नाही का? मुंगीला घातल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. चाळीस वर्षं झाली.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि बूट घालायला लागला. अशा वेळी त्याला प्लँटची फार आठवण येते. मी सासूबाईंना बसवून मुलीचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्यांना माहीत होतं, पण फोनवर ऐकलेलं वेगळं. मुदत संपलेलं जुनं पेन त्यांच्या हातात देऊन दुधी भोपळ्यावर सराव करून घेतला: टोपी काढायची, मांडीवर बाहेरच्या बाजूनं जोरात दाबायचं, दहा मोजायचे, कपड्यावरून चालतं. त्यांनी भोपळ्यावर चार वेळा केलं आणि म्हणाल्या, “ह्याची भाजी आता कोण खाणार?”

मग मी मागच्या भिंतीशी गेले. तिथली जमीन कोरडी, दगडाळ. भिंतीपासून हातभर अंतरावर एक बीळ होतं, त्याभोवती टरफलांचं व्यवस्थित कडं. मी पालथी पडले आणि भिंगातून बघितलं. दोन गाठी, मोठं डोकं, दाढी, लहानमोठी मापं, सगळं जिथल्या तिथे. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “मुंगीच्या कमरेच्या गाठी मोजतीय,” त्या म्हणाल्या. “माझी मोज एकदा, किती झाल्यात ते कळेल.”

मी परवानगी दिली. हेच बीळ, दुसरं नाही. हिरवळीकडे पाऊल टाकायचं नाही.

आणि मग एक गोष्ट घडली, जिची मी दोन वर्षं वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली. “मम्मा, कॅन आय सिट विथ आजी?” मी जाऊन पुन्हा बघितलं आणि हो म्हटलं. ती जमिनीवर बसली. नऊ वर्षांची पोर, दोन वर्षांनी मातीला टेकली. रोज शाळेच्या बसआधी पंधरा मिनिटं आजी प्लास्टिकच्या स्टुलावर, नात खाली मांडी घालून, मध्ये रव्याची वाटी. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं मस्त चाललेलं असायचं. नात सांगायची, धिस वन इज द बिग बॉस. आजी म्हणायची, हां, ती थोरली जाऊ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि माझे डोळे भरून यायचे. यात लाजण्यासारखं काही नाही.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. सासूबाईंनी मातीच्या थाळीत पाणी ठेवायला सुरुवात केली. मुक्या जिवांना उन्हाळ्यात पाणी ठेवायचंच, हे त्यांनी मला विचारलंही नाही आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्याकडे नाशिकलाही गच्चीवर ठेवायचो. थाळी रोज सांडायची, रोज भरायची. शिवाय वर्ल्ड कपला पाहुणे येणार म्हणून कंपाउंडवाल्यांनी भिंतीपलीकडे नवी हिरवळ अंथरली होती आणि तिला दिवसातून दोनदा पाणी. भिंतीच्या बुडाशी जमीन ओली राहायला लागली. सॅमसमला ओल लागते हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण दोन्ही गोष्टी मी रोज बघत होते आणि एकत्र केल्या नाहीत.

एप्रिलमधला एक शनिवार. शाळेला सुट्टी, अशा दिवशी आजी-नात मागे तास-दीड तास बसायच्या; नवरा ड्युटीवर, आणि मला शमालला जायचं होतं. त्या दोन जातींचा शेवटचा फेरा होता, अहवाल द्यायचा होता. बाहेर कंपनीची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न देत नव्हता पण इंजिन चालू होतं. मी पायात बूट सरकवत होते, तेवढ्यात मागून सासूबाईंची हाक आली.

“अगं, आज ओळ दुसरीकडनं आलीय, भिंतीकडनं. जरा बघतेस का?”

मी मागच्या दारात गेले. पायरी उतरले नाही. पायरीवरूनच बघितलं. काळी ओळ, प्रत्येकीच्या तोंडात रव्याचा कण. मुलगी उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. “मम्मा, कॅन आय सिट?” मी म्हटलं, “दाणेवाल्याच आहेत. बसा.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलगी मांडी घालून बसली, मी गाडीत बसले.

साडेनऊला मी शमालच्या माळावर पालथी पडून एका मुंगीच्या डोक्यावरच्या रेघा बघत होते, तेव्हा फोन वाजला. सासूबाई. त्यांचा आवाज इतका शांत होता की आधी मला काही कळलंच नाही. “पोरीला डसलंय. सुई टोचली मी. दहा मोजले. गेटवरच्या माणसानं ॲम्ब्युलन्स बोलावलीय, आम्ही तिच्यातच आहोत. तू हॉस्पिटलात ये.” मागून मुलीच्या श्वासाचा आवाज येत होता. तो आवाज मी दोन वर्षांपूर्वी ऐकला होता.

ड्रायव्हर बीडकडचा, एरवी तासभर बोलणारा. मी धावत येताना बघून त्याने दार उघडून धरलं. “बसा मॅडम, म्या हाय,” एवढंच म्हणाला आणि दोह्यापर्यंत तोंड उघडलं नाही. तासाभराचा रस्ता. मी देवाचं नाव घेत नव्हते. सॅमसम तिथे कशी आली, एवढाच विचार डोक्यात घोळत होता, आणि मला स्वतःचा राग येत होता की पोर तिकडे आणि मी मुंगीचा विचार करतेय.

मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकते. मी पोहोचले तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शन वेळेवर पडलं म्हणून. कुणी दिलं, असं त्यांनी विचारलं. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे हात जोडले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. मुलीला झोपवलं आणि मी भिंग घेऊन मागे गेले. या वेळी पायरी उतरले. भिंतीच्या बुडाशी, ओल्या मातीत, फटीतून ओळ निघत होती. सडपातळ, सगळ्या एका मापाच्या. कमरेला एक गाठ. सॅमसमलाही दाणे आवडतात, हे मीच कंपाउंडमधल्या बायकांना सांगत आले होते. समोर वाटीभर रवा ओतल्यावर कुठलीही मुंगी दाणेवालीच दिसणार. मी ओझं बघून सांगितलं होतं, ओझं नेणारीला बघितलंच नव्हतं. ज्या चुकीवरून मी साहेबांशी तीन दिवस भांडले, तीच चूक मी माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर, पायरीवर उभी राहून केली होती.

आत आले तर सासूबाई रव्याचा डबा मोलकरणीला देत होत्या. “घेऊन जा. मला नको आता.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माझ्या पुण्याच्या हव्यासापायी पोरगी जात होती. मी पाणी ठेवलं, मी दाणे टाकले.”

मी गप्प राहिले.

का, ते सांगते. माझ्या फार चुका होत नाहीत. ही फुशारकी नाही, मी काम नीट करते म्हणून होत नाहीत. आणि ज्याच्या फार चुका होत नाहीत त्याला चूक कबूल करायची सवय नसते. मी मनात म्हणत होते, आता सांगून काय उपयोग, फवारणीवाले येऊन गेले, पोर बरी आहे. नवरा जेवताना म्हणाला, “आई, ते मुंग्यांचं खूळ बंद केलंस ते बरं झालं,” आणि सासूबाईंनी मान खाली घातली. मी आमटी वाढली.

चार दिवस असे गेले. सासूबाईंनी सकाळचा चहा सोडला. मुलाला म्हणाल्या, तिकीट अलीकडचं बघ. आणि मुलगी बाहेर जाईना. शाळेची बस दारासमोर यायची, दार ते बस दहा पावलं, तेवढ्यासाठी ती पँट मोज्यांत खोचून, डोळे मिटून माझा हात धरून चालायची. मी म्हटलं, इथे सिमेंट आहे, इथे काही नाही. तिने मान हलवली आणि डोळे मिटलेलेच ठेवले. माझ्या शब्दावर तिचा विश्वास उडाला असेल असं मला वाटलं. तेवढं असतं तर बरं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई बॅग काढून साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मुलगी पलंगावर, शाळेला जायचं नाही म्हणून हटून. मी दारात उभी राहिले आणि बोलून टाकलं.

“आई, तुम्ही मला विचारलं होतं. ओळ दुसरीकडून आलीय, बघतेस का, असं विचारलं होतंत. मी पायरीवरून बघितलं. खाली वाकले असते तर एका मिनिटात कळलं असतं. चूक तुमच्या दाण्यांची नाही, माझी आहे.”

सासूबाईंच्या हातातली साडी तशीच राहिली. त्या रडतील असं मला वाटलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

“तुला कधी कळलं हे?”

“हॉस्पिटलातून आलो त्याच दिवशी.”

“म्हणजे चार दिवस,” त्या म्हणाल्या. “चार दिवस मी स्वतःला खातीय, आणि तू ते बघत मला जेवायला वाढत होतीस.”

मी हो म्हटलं.

“ओळखायला चुकलीस, त्याचं मी काही बोलणार नाही. माणूस आहे, चुकतं. मी पण चुकले असते. पण हे चार दिवस तू जाणूनबुजून घालवलेस. हे मी लवकर विसरणार नाही, सांगून ठेवते.” आवाज चढवला नाही त्यांनी. मग पलंगाकडे बोट केलं. “आणि मला काय सांगतेस? तिला सांग. ज्या पोरीला डसलं तिला सांग.”

खरं सांगते, ते मला सासूबाईंना सांगण्यापेक्षा जड गेलं. मी मुलीसमोर खाली बसले आणि मराठीतच बोलले, तिला सगळं समजतं. म्हटलं, त्या दिवशी तू मला विचारलंस, मी हो म्हटलं, ते चुकीचं होतं. मी नीट बघितलं नव्हतं. मला घाई होती. त्या सॅमसम होत्या.

तिने माझ्याकडे बघितलं. “यू सेड दे वेअर सेफ.”

“हो. मी म्हटलं होतं. ते चूक होतं.”

“सो आय डिडन्ट डू एनीथिंग?”

“काहीच नाही बाळा. तू विचारून बसलीस. तू नियम बरोबर पाळलास.”

हॉस्पिटलात सुया टोचताना ती रडली नव्हती. आता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. “आय थॉट आय सॅट राँग,” ती म्हणाली. “मम्मा नेव्हर मेक्स मिस्टेक्स, सो आय थॉट आय सॅट राँग.”

मी तिला जवळ घेतलं. सासूबाई साडी तिथेच टाकून आल्या, आणि माझ्या डोक्यावर नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.